अश्वशक्ती का घटली: कॉर्वेटपासून पद्मिनीपर्यंत

शेवरले कॉर्वेट ही अमेरिकेची सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्स कार. १९७० साली तिच्या ५.७ लिटरच्या मूळ इंजिनाची शक्ती ३०० अश्वशक्ती म्हणून जाहीर झाली होती. १९७५ मध्ये तेवढ्याच आकाराच्या मूळ इंजिनापुढे १६५ हा आकडा छापला गेला. गाडीचा आकार तोच, इंजिनाचा आकार तोच, किंमत मात्र वाढलेली. त्या काळातील जवळजवळ प्रत्येक अमेरिकन आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची हीच कथा आहे. भारतातही इंजिनांची शक्ती उतरली. ती थोडी उशिरा उतरली आणि स्पोर्ट्स कारपेक्षा मोटारसायकली व टॅक्सी यांची अधिक उतरली. या घडामोडींत मुंबई आणि पुणे या शहरांचा वाटा मोठा होता. दोन्हीकडची कारणे पुष्कळशी सारखी आहेत. त्यांचा क्रम मात्र वेगळा आहे.

या घटीचा काही भाग केवळ कागदावरचा होता आणि काही भाग खरोखर रस्त्यावर जाणवणारा होता. हे दोन भाग वेगळे केल्याशिवाय हा काळ नीट समजत नाही.

अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने अठराव्या शतकात रूढ केले. ३३,००० पौंडांचे वजन एका मिनिटात एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती, अर्थात सुमारे ७४६ वॅट. खानदेशातील शेतकऱ्याला हे माप मोटारींपेक्षा विहिरीवरच्या पंपामुळे अधिक जवळचे आहे. तीन, पाच किंवा साडेसात ‘एचपी’ची मोटर किती पाणी ओढेल याचा त्याला नेमका अंदाज असतो. युरोपात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे ही व्याख्या चालते. तिचे उत्तर थोडे कमी, ७३५.५ वॅट येते. त्यामुळे भारतीय माहितीपत्रकांतील ‘पीएस’ आणि ‘बीएचपी’ या आकड्यांत दीड टक्क्याच्या आतला फरक असतो. एवढ्याने फार बिघडत नाही. बिघडते ते इंजिन कोणत्या अवस्थेत मोजले यावरून.

१९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजत. त्यासाठी इंजिन गाडीतून वेगळे काढून चाचणीच्या चौकटीवर बसवत. त्याला एअर फिल्टर नसे, पंखा नसे, वीज तयार करणारा अल्टरनेटर नसे. धूर बाहेर काढायला सायलेन्सरऐवजी मोकळे नळ असत. ठिणगीचा टायमिंगही प्रत्येक वेगाला सर्वाधिक ताकद देईल असा जुळवून घेत. असे इंजिन प्रत्यक्ष रस्त्यावर कधीच धावत नाही. शिवाय कोणत्या कंपनीने किती सवलत घेतली यावर फारसा वचक नव्हता. जाहिरातीत आकडा फुगवायचा की विम्याच्या भीतीने मुद्दाम कमी सांगायचा, हे बहुतेक विक्री विभागाच्या हाती असे. १९७२ च्या मॉडेलांपासून उद्योगाने ‘नेट’ पद्धत स्वीकारली. तिच्यात इंजिन गाडीत असते तसेच, सर्व जोडण्यांसह आणि सायलेन्सरसह मोजतात.

कॉर्वेटच्या मूळ इंजिनाबाबत १९७१ हे वर्ष या दृष्टीने मोलाचे आहे, कारण त्या वर्षी दोन्ही आकडे उपलब्ध आहेत: ग्रॉस २७०, नेट २१०. म्हणजे एकाच इंजिनाच्या दोन मोजण्यांत ६० अश्वशक्तींचे अंतर पडले. १९७२ मध्ये नेट आकडा २०० झाला. माहितीपत्रके शेजारी ठेवून पाहणाऱ्याला २७० वरून २०० वर घसरण दिसली. प्रत्यक्षात त्या वर्षी इंजिनाने गमावल्या फक्त १० अश्वशक्ती. याच प्रमाणाने १९७० च्या ३०० ग्रॉसचे नेट मूल्य ढोबळमानाने २३० च्या आसपास येते. तेव्हा १९७० ते १९७५ मधील १३५ अश्वशक्तींच्या दिसणाऱ्या घटीपैकी निम्मी मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे आणि निम्मी, म्हणजे साधारण ६५ ते ७०, खरी आहे. जुन्या गाड्यांच्या चर्चांत हा हिशेब बहुधा होत नाही, आणि मग सारा दोष प्रदूषणाच्या कायद्यांवर टाकला जातो. तो अन्याय आहे.

आता खरी घट. तिची सुरुवात पेट्रोलमधील शिशापासून होते.

पेट्रोल व हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये जितके जास्त दाबले जाईल तितकी ज्वलनातून अधिक ताकद मिळते. या दाबाच्या प्रमाणाला कम्प्रेशन रेशो म्हणतात. दाब फार वाढला की मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा वेडेवाकडे पेटते आणि इंजिन ‘ठोकू’ लागते. असे सतत ठोकणे पिस्टन फोडू शकते. १९२१ मध्ये जनरल मोटर्सचा संशोधक थॉमस मिजली याला टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. ते थोडेसे मिसळले की पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक वाढे आणि ठोकणे थांबे. पुढची पन्नास वर्षे ताकदवान इंजिने या शिशावर उभी राहिली. १९७० च्या कॉर्वेटमधील १०.२५ हा कम्प्रेशन रेशो त्याच जोरावर शक्य झाला होता. त्याच शिशाने शहरांची हवा आणि मुलांचे रक्त विषारी केले. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६० च्या दशकात हे शिसे वातावरणात सर्वत्र पसरल्याचे दाखवून दिले आणि त्यासाठी उद्योगाचा रोष पत्करला.

शिसे जाण्याचे तातडीचे कारण मात्र तांत्रिक होते. लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकापासून डोळे झोंबवणारे धुरके साचू लागले होते. डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा उगम शोधला. मोटारींतून निघणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून ते बनत होते. कॅलिफोर्नियाने १९६६ मध्ये आणि संपूर्ण अमेरिकेने १९६८ च्या मॉडेलांपासून धुरावर मर्यादा घातल्या. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘क्लीन एअर ॲक्ट’वर सही केली. पाच-सहा वर्षांत मोटारींचा विषारी धूर ९० टक्क्यांनी घटवावा अशी या कायद्याची मागणी होती. हे साधायचे तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणे भाग होते. आणि शिसे कन्व्हर्टरमधील प्लॅटिनमवर थर धरून त्याला निकामी करते.

जनरल मोटर्सचे अध्यक्ष एडवर्ड कोल यांना हे आधीच दिसले. कन्व्हर्टर यायला अवकाश असतानाच त्यांनी १९७१ च्या मॉडेलांची इंजिने ९१ ऑक्टेनच्या, शिसे नसलेल्या किंवा अल्प असलेल्या पेट्रोलवर चालतील अशी करायला लावली. कॉर्वेटचे कम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आले आणि ग्रॉस आकडा ३०० वरून २७० वर उतरला. ही संपूर्ण घट खरी आहे. स्वतःच्या सर्वांत नावाजलेल्या गाडीची ताकद कायद्याच्या मुदतीआधी कमी करणे हा निर्णय सोपा नव्हता. त्या काळातील उद्योगाच्या वागणुकीत तो अपवाद म्हणून नोंदवायला हवा.

१९७२ ते १९७४ ही वर्षे अभियंत्यांसाठी सर्वांत अवघड होती. कन्व्हर्टर अजून तयार नव्हता आणि मर्यादा तर पाळायच्या होत्या. नायट्रोजनची ऑक्साइडे ज्वलनाचे तापमान फार चढले की तयार होतात, म्हणून तापमान उतरवण्याचे उपाय झाले. ठिणगी उशिरा टाकली. १९७३ पासून धुराचा काही अंश परत सिलिंडरमध्ये सोडण्यात आला. तो जळत नाही, फक्त जागा अडवून ज्वलन थंड ठेवतो. मिश्रणातील पेट्रोल कमी केले. पट्ट्यावर चालणारा पंप एक्झॉस्टमध्ये हवा ढकलून उरलेले इंधन तेथेच जाळू लागला. यांपैकी प्रत्येक उपाय ताकद खातो, आणि उशिरा पडणारी ठिणगी तर उष्णता चाकांऐवजी सायलेन्सरकडे पाठवते. गाड्या सकाळी सुरू व्हायला कुरकुरत, ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळत आणि पेट्रोलही जास्त पीत. या सगळ्याचे नियंत्रण कार्ब्युरेटर, स्प्रिंगा आणि रबरी नळ्या यांच्याकडे होते. हवा, तापमान आणि भार यांतील क्षणाक्षणाचे बदल ओळखण्याची क्षमता या यंत्रणेत नव्हती. ताकद गेली ती मुख्यतः या अज्ञानापायी. स्वच्छ धूर आणि ताकद यांत मुळातच वैर असते तर ती पुढे परत आली नसती.

१९७५ मध्ये कन्व्हर्टर आला. कॉर्वेटचे दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट नळ एकाच कन्व्हर्टरमध्ये आणून सोडावे लागले आणि धुराला वाट अरुंद झाली. १६५ हा आकडा त्या वर्षीचा. या काळात कायद्याखेरीज आणखी दोन दाब होते. विमा कंपन्यांनी ताकदवान गाड्या चालवणाऱ्या तरुणांचे हप्ते इतके वाढवले होते की अनेकांना गाडी परवडली तरी विमा परवडेना. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखल्यावर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. १९७४ च्या आरंभी ताशी ५५ मैलांची कमाल वेगमर्यादा देशभर आली. वेगाची मागणीच अशी आटली, आणि फोर्डने १९७४ ची मस्टँग एकाही आठ सिलिंडरच्या इंजिनाशिवाय बाजारात आणली.

ब्रिटिश स्पोर्ट्स कारची अवस्था याहून वाईट झाली, कारण त्या मुळातच लहान इंजिनाच्या होत्या आणि त्यांचा मोठा ग्राहक अमेरिकेत होता. ट्रायम्फ टीआर६ ब्रिटनमध्ये पेट्रोल इंजेक्शनसह १५० अश्वशक्ती सांगत असे. अमेरिकेतील टीआर६ ला कार्ब्युरेटर आणि सुमारे १०५ अश्वशक्ती मिळाली. ब्रिटनमधील १५० ही पुढे सौम्य कॅमशाफ्ट आणि कडक मोजणीनंतर १२५ झाली. एमजीबीची गत आणखी केविलवाणी. १९७५ पासून अमेरिकेसाठीच्या एमजीबीचे दोन कार्ब्युरेटर काढून एकच ठेवला आणि शक्ती ६२.५ अश्वशक्तीवर आली. भरीला धडक सोसणारे रबरी बंपर आले आणि ते नियमाच्या उंचीवर यावेत म्हणून गाडी दीड इंच उचलली. जिची खरी संपत्ती वळणांवरची चपळाई होती, त्या गाडीची तीही गेली. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

त्याच सुमारास मुंबईत कुर्ल्याला जी गाडी बनत होती तिला स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही. पण इंजिनाची ताकद कोण ठरवतो, हा प्रश्न तिच्याबाबतही लागू होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाटच्या परवान्याने ११०० ही गाडी बनवत असे. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इटलीतील फियाट ११०० डी ला १२२१ सीसीचे इंजिन होते, कुर्ल्याच्या गाडीला १०८९ सीसीचे. भारतात धुराचे नियम यायला तेव्हा दोन दशके अवकाश होता. ताकदीवर बंधन होते ते पेट्रोलच्या दर्जाचे, परवान्यांचे आणि खिशाचे. येथील पेट्रोलचा ऑक्टेन कमी असे. शतकाच्या वळणावर आलेल्या भारत-२ निकषांतही तो किमान ८८ होता आणि ९१ ची अट त्यानंतरच्या भारत-३ मध्ये आली. अशा पेट्रोलवर जास्त कम्प्रेशनचे इंजिन ठोकणारच. म्हणजे डेट्रॉइटने १९७१ मध्ये जी तडजोड केली, ती येथील इंजिनांना जन्मापासूनच करावी लागली होती.

तेलाच्या भाववाढीने येथील ग्राहक अधिकच सावध केला. गाडी घेताना महाराष्ट्रात विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असे, आणि अजूनही तो मागे पडलेला नाही. या प्रश्नाचा इंजिनावर काय परिणाम होतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५० जपानमध्ये ३९ अश्वशक्तीची होती. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये ती राजदूत ३५० या नावाने भारतात आणली तेव्हा पेट्रोल कमी लागावे म्हणून तिची ताकद ३०.५ वर आणली. त्यानंतरही तक्रारी आल्याने ती सुमारे २७ वर उतरवलेली दुसरी आवृत्ती निघाली. पहिली ‘हाय टॉर्क’ आणि दुसरी ‘लो टॉर्क’ या नावांनी आजही ओळखली जाते. तरीही तिचे पेट्रोल पिणे भारतीय ग्राहकाला मानवले नाही आणि १९८० चे दशक संपताना ती बंद पडली. हे सारे कायद्याच्या दट्ट्याशिवाय, निव्वळ बाजाराने घडवले.

कायदा आला १९९० च्या दशकात. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिल्या मर्यादा आल्या आणि १९९६ मध्ये त्या कडक झाल्या. नव्या गाडीचा धूर तपासून तिला मान्यता देण्याचे काम ज्या मोजक्या संस्थांकडे आहे त्यांतील दोन महाराष्ट्रात आहेत: पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ ही १९६६ पासूनची संशोधन संस्था आणि अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची, ‘व्हीआरडीई’. इंजिनाची नेट शक्ती प्रमाणित करणेही अशाच संस्थांचे काम असल्याने फुगवलेल्या आकड्यांचा अमेरिकेसारखा काळ भारतात फार चालला नाही.

या नियमांचा सर्वांत मोठा तडाखा टू-स्ट्रोक इंजिनांना बसला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते, म्हणून लहान इंजिन मोठी ताकद देते. ९८ सीसीच्या यामाहा आरएक्स १०० ची ११ अश्वशक्ती ही त्याचीच किमया. पण जळालेला धूर बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल निळसर धूर करते. हा दोष रचनेतच आहे. १९९६ मध्ये आरएक्स १०० थांबली. २००० च्या निकषांनी उरलेल्या टू-स्ट्रोक गाड्यांची वाट अधिक अरुंद केली. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजचा डोलाराच टू-स्ट्रोक स्कूटरवर उभा होता. कंपनीला फोर-स्ट्रोककडे वळावे लागले. त्याच सीसीच्या फोर-स्ट्रोकमध्ये पूर्वीचा पिकअप मिळेना, ही त्या पिढीच्या चालकांची तक्रार खरी होती.

शिशाची गोष्टही येथे पुन्हा घडली, पाव शतक उशिरा. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल पंपांवर आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले.  मधल्या काळात महानगरांबाहेरच्या पंपांवर शिशाचे पेट्रोल पूर्णपणे बंद झालेले नव्हते. मुंबईच्या मुलाला जी हवा १९९५ पासून थोडी तरी सुधारून मिळू लागली, ती नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या मुलाला मिळायला उशीर झाला. महानगरांपुरते नियम करण्याच्या धोरणाची ही बाजू क्वचितच बोलली जाते.

मुंबईत याच सुमारास पद्मिनीची ताकद आणखी एकदा उतरली. शहराच्या धुराबद्दलच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली, आणि त्यानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचे आदेश निघाले. सीएनजी हा वायू असल्याने तो सिलिंडरमध्ये हवेची जागा घेतो. तेवढी हवा कमी शिरते आणि ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. या वायूचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो. कम्प्रेशन वाढवले तर गेलेली ताकद बरीचशी भरून काढता येते. पण पद्मिनीचे इंजिन कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बेतलेले होते आणि त्यावर वरून किट बसवलेले होते. त्याला हा फायदा घेता आला नाही. डिकीत सिलिंडर ठेवून, चार प्रवासी आणि सामान घेऊन पेडर रोडचा चढ चढणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला हे चांगलेच जाणवे. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

गेलेली ताकद परत आली ती मोजमापाच्या जोरावर. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वोने बॉशचा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसवला. धुरात किती ऑक्सिजन उरला आहे हे तो सांगतो, त्यावरून संगणक पेट्रोलचे प्रमाण सेकंदात अनेकदा दुरुस्त करतो, आणि प्रमाण अचूक असले की एकच कन्व्हर्टर धुरातील तीन मुख्य विषारी घटक नष्ट करू शकतो. मग ठिणगी उशिरा टाकण्याची किंवा मिश्रण उपाशी ठेवण्याची गरज उरत नाही. १९९२ च्या कॉर्वेटच्या ५.७ लिटर मूळ इंजिनाने ३०० अश्वशक्तीचा आकडा पुन्हा गाठला. या वेळी तो नेट होता, आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर, कन्व्हर्टरसह मिळालेला होता.

पुण्याजवळच्या चाकणमध्ये बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएम ३९० ड्यूक २०१३ मध्ये भारतात आली. तिचे ३७३ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे ४३ अश्वशक्ती देत होते, जपानच्या मूळ आरडी ३५० पेक्षाही जास्त. १ एप्रिल २०२० रोजी भारत-६ निकष लागू झाले तेव्हा काही मोटारसायकलींचे आकडे पुन्हा खाली आले. यामाहा आर१५ चा १९.३ वरून १८.६ पीएस आणि एफझी चा १३.२ वरून १२.४ पीएस झाला. १९७० च्या दशकाशी तुलना केली तर ही घट किरकोळ आहे, आणि इंजिने सुरू होताना कुरकुरत नाहीत की चालताना अडखळत नाहीत.

त्या काळातील गाड्या जतन करणाऱ्यांपुढे वेगळे प्रश्न आहेत. शिसे जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकीला झीज होण्यापासून वाचवत असे. ते गेल्यावर कठीण धातूच्या नव्या बैठका बसवून घ्याव्या लागतात. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढल्याने जुने रबरी पाइप, गॅस्केटे आणि कार्ब्युरेटरचे भाग बदलावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलाच्या पलीकडे गाडीत फेरबदल करता येत नाहीत, त्यामुळे १९७५ च्या एमजीबीला किंवा लो टॉर्क राजदूतला मूळ ताकदवान भाऊबंदांचे इंजिन बसवण्याचा मार्ग भारतात सरळ नाही. कारखान्यातून ती जशी निघाली तशीच तिला राखावी लागते.